आवाजाखालची बोली

भिवंडीचा माणूस फोनवर बोलायला लागला की पलीकडचा फोन कानापासून हातभर लांब धरतो. आम्हाला हळू बोलताच येत नाही. माझी नात म्हणते, "आजोबा, फोन कशाला लावता? असंच बोला, कल्याणला ऐकू जाईल." सगळी हयात पॉवरलूमच्या खडखडाटात गेली, त्याचा हा प्रसाद. उजवा कान तर माझ्याआधीच रिटायर झाला.

संपादकसाहेबांनी दिवाळी अंकासाठी जॉबरच्या आठवणी मागितल्या. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम पुन्हा चालता करणारा माणूस. कापड कारागीर विणतो, विकतो शेठ, आणि मध्ये काही अडलं की दोघं मिळून जॉबरला शिव्या घालतात. मी ते काम भिवंडीत गल्लोगल्ली केलं. सायकलच्या हँडलला पान्ह्यांची पिशवी, कानामागे विडी, आणि ज्याने हाक मारली त्याच्या कारखान्यात घुसायचं. घरच्या लोकांनी काशिनाथ नाव ठेवलं होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर राहिलं. बाहेर मी काशीजॉबर.

ज्यांनी लूम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लूमवर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. आडवा धागा म्हणजे बाणा. बाण्याचं सूत गुंडाळलेली नळी म्हणजे कांडी, ती धोट्यात बसते. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असलेला, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. तो ताण्यामधून इकडून तिकडे धाड धाड पळतो आणि मागे बाणा सोडत जातो, त्याचं कापड होतं. बाणा तुटला किंवा संपला तर लूमला ते कळतं. एक बारीक काटा असतो, त्याला आम्ही फोर्क म्हणतो. त्याला धागा लागला नाही की तो लूम बंद करतो. एवढी अक्कल त्या लोखंडाला आहे. बऱ्याच शेठलोकांना नव्हती. एकाने तर मला लूमवर लिंबू-मिरची टांगून दुरुस्ती करायला सांगितली होती. मी म्हटलं, शेठ, लिंबू सरबतात घाला, आणि हा पट्टा बदला.

आता मुद्द्याचं. कारखान्यात इतका आवाज असतो की कानात तोंड घालून ओरडलं तरी निम्मंच कळतं. मग लोक काय मुके राहतात? छे! लूमवाले दिवसभर गप्पा मारतात, पण आवाज न काढता. ओठ मोठे करायचे, शब्द सावकाश सोडायचा, घशातून आवाज काढायचा नाही. हाताची थोडी मदत घ्यायची. अंगठा ओठाला लावला की चहा, मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम येतोय. नवीन माणूस महिना-दोन महिन्यांत शिकतो. बिहारचा असो, तेलंगणाचा असो, की आमच्या कोन गावचा, त्या बोलीत सगळ्यांचं जमतं. या टोकाचा त्या टोकाच्याला बायकोची तक्रार सांगतो आणि मधल्याला पत्ता लागत नाही.

या बोलीने एकदा माझी चांगली जिरवली. खारबावला लग्न होतं. मी आणि माझा एक जोडीदार मंडपाच्या दोन टोकांना बसून नवरदेवाच्या टकलावर चर्चा करत होतो, अर्थात ओठांनी. नवऱ्याची आत्या ताडकन उठली. बाई पूर्वी कांड्या भरायला कारखान्यात जायची, हे आम्हाला काय माहीत! "लाज न्हाय वाटत? टक्कल हाय तं हाय, पोरगा सरकारी नोकरीत हाय!" सगळा मंडप आमच्याकडे बघायला लागला. कुणी काहीच बोललं नव्हतं, मग ही बाई कोणावर ओरडतेय, हे कुणाला समजेना. आम्ही जेवणावळीला न थांबता निघालो.

हे सगळं सांगितलं ते प्रभाकरसाठी.

प्रभाकर आमच्याच वस्तीतला, कोनचा. तरुणपणी माझ्या हाताखाली लूम शिकला. हात चांगला होता, पण डोकं त्याहून चांगलं. ड्युटी संपली की पुस्तक घेऊन बसायचा. पुढे टायपिंग शिकला आणि भिवंडीत स्वतःचा टायपिंगचा क्लास काढला. लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. कुणाला नोटीस आलेली, कुणाला मालकाने हाकललेलं. हळूहळू चारपाच जणांनी मिळून एक हक्क समिती केली. समिती म्हणजे काय, एक टेबल आणि एक बोर्ड. मी म्हणायचो, "प्रभ्या, बोर्ड तरी जरा मोठा कर." तो हसायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एक कारागीर कोठडीत मेला. सांगण्यात आलं की तो जिन्यावरून पडला. प्रभाकरने भर सभेत विचारलं, "ती चौकी बैठी हाय. जिना कुठं हाय, आम्हाला एकदा दाखवा." लोक हसले. नंतर सगळे हसायचे थांबले, कारण तो खरंच त्या प्रकरणामागे लागला. साक्षीदार शोधले, मेलेल्याच्या गावी जाऊन आला. आणि एका सकाळी साध्या कपड्यांतली माणसं जीप घेऊन क्लासवर आली आणि त्याला घेऊन गेली.

त्याची बायको शालिनी. मी तिला वहिनी म्हणतो. ती सगळीकडे फिरली. या चौकीत गेली, त्या ठाण्यात गेली, ठाणे शहरातल्या मोठ्या ऑफिसात गेली. सगळीकडे एकच उत्तर. असा माणूस आमच्याकडे नाही, आम्ही कुणाला आणलंच नाही. एका साहेबाने तर तिला विचारलं, "घरात भांडण झालं होतं का?" ती माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, न्हाय म्हनताना त्यांची पापणी पन लवत न्हाय." माणूस पकडला हे कबूल असेल तर वकील करता येतो, डबा नेता येतो. पकडलाच नाही म्हटल्यावर कुठल्या दारात बसायचं?

असेच काही दिवस गेले. एका दुपारी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. जॉबर तिथेच बसायचे, शेठलोकांना माहीत होतं. एक गडी स्कूटरवर आला. केस बारीक कापलेले, पायात काळे बूट. कारखान्यात बूट घालून कोण येतं? म्हणाला, "जॉबर कौन है? लूम बिगड़ा है, चलो."

"कौनसा कारखाना?"

"चलो ना, दिखाता हूँ."

वळ गावच्या बाजूला गेलो. आज तिथे गोदामंच गोदामं आहेत, तेव्हा शेतं होती. शेताच्या मधोमध पत्र्याचा एकच कारखाना. एका मालकाचं दिवाळं निघालं तेव्हापासून तो बंद पडलेला, हे मला माहीत होतं. पण लांबूनच लूमचा आवाज येत होता. स्कूटर जवळ गेली आणि माझ्या अंगावर काटा आला.

का ते सांगतो. कापड विणणाऱ्या लूमचा आवाज भरलेला असतो. सुताला ठोका बसतो, तो थोडा दबतो. हा आवाज कोरडा होता. लाकडावर लाकूड, लोखंडावर लोखंड, आणि मध्ये काहीच नाही. आमच्यात म्हातारी माणसं सांगायची, रिकामा पाळणा हलवू नये. तो आवाज ऐकून मला तेच आठवलं.

आत गेलो. लूम ओळीने चालू होते. माणूस एकही नाही. ताण्यावर जुनं, धूळ बसलेलं सूत, निम्मं तुटून लोंबत होतं. धोट्यात कांडी होती, कांडीवर धागा नव्हता. रिकामा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतोय. फोर्क तारेने बांधून टाकले होते, म्हणजे लूमला काही कळू नये. कारखान्यात हवेत कापसाचं तूस तरंगत असतं, छताला जाळ्यांसारखं लोंबतं, नाकात जातं. इथे हवा स्वच्छ. फिनेलचा वास येत होता. इतकी वर्षं कारखान्यांत काढली, पण न खोकता मी कधी उभा राहिलो नव्हतो. तिथे राहिलो, आणि त्याचीच भीती वाटली.

एका लूमचा धोटा उडत होता. धोटा उडणं म्हणजे वाट सोडून बाहेर फेकला जाणं. गोळी लागल्यासारखा लागतो. तिथल्या एकाच्या कपाळाला पट्टी बांधलेली होती, त्यावरून काय झालं ते कळलं. मनात म्हटलं, बरं झालं. तोंडाने, म्हणजे त्याच्या कानाशी ओरडून, विचारलं, "साहब, कपड़ा किधर है?"

"तू मशीन देख."

मी मशीन बघायला बसलो. खाली वाकलो की पलीकडची कांडी भरायची खोली दिसत होती. दाराला जाळी. जाळीमागे भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. हात पाठीमागे. दाढी वाढलेली, एक डोळा सुजलेला. मी आधी ओळखलंच नाही. मग त्याने तोंड उघडलं.

त्याने हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. त्यासाठीच तर लूम चालवले होते. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं कारखाना चालू आहे, आणि आतलं ओरडणं आतच राहावं. डोकं चालवलं होतं त्यांनी. फक्त त्यांना आमची भिवंडी माहीत नव्हती. इथल्या लूमवाल्याला बोलायला आवाज लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

त्याचे ओठ हलले. मोठे, सावकाश, मी शिकवले होते तसे.

*काशीदादा.*

मी पान्हा खाली ठेवला नाही. हात चालू ठेवले. तोंडात तंबाखू होती, ती चघळतोय असं दाखवत ओठांनीच म्हटलं, *बोल.*

*शालूला सांग. मी हाय.*

*सांगतो.*

*पाय मोडलाय. दुसरं काय न्हाय.*

दुसरं काय न्हाय! त्याचा डोळा मला दिसत होता.

*कोण हायेत हे?*

त्याने मान हलवली. त्यालाही माहीत नव्हतं. मग थोडा थांबला. विचार करत असावा, कारण पुढचे शब्द त्याने अगदी सावकाश सोडले. *तिला म्हणावं...*

आणि तो कपाळाला पट्टी बांधलेला माणूस आमच्या मध्ये येऊन उभा राहिला. चहाचा कप घेऊन. त्याला काही कळलं नव्हतं, नुसता उभा होता. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. मी लूम लावला, बिघाड आहे असं दाखवत अजून वेळ काढला, दोनदा खोटंच नट सैल करून आवळला. तो हलला नाही. शेवटी बूटवाला आला आणि माझा दंड धरून मला बाहेर नेलं. "किसी को बोलना मत, सरकारी काम है." स्कूटरवर बसलो तरी मागून तो कोरडा आवाज येतच होता. माझ्याच हातांनी नीट केलेला लूम त्यात होता.

मी टपरीवर न थांबता सरळ कोनला गेलो. वहिनी भाकऱ्या थापत होती. "प्रभाकर जिवंत हाय," म्हटलं. ती तशीच पिठाच्या हातांनी उठली.

"त्यांचा आवाज ऐकला?"

"आवाज न्हाय. बोलणं पाह्यलं."

तिचा बाप शेतावर मजूर. लूमशी तिचा संबंध नाही. तिला ते कळेना. "पाह्यलं म्हंजे काय, दादा? नीट सांगा ना!" मी नीट सांगितलं. *तिला म्हणावं* इथपर्यंत आलो आणि थांबलो. तिने विचारलं, "काय म्हनावं?" मी म्हटलं, तेवढंच पाहिलं.

ठाण्याच्या एक वकीलबाई होत्या. प्रभाकरच्या ओळखीच्या, धीट बाई. त्यांनी हायकोर्टात अर्ज लावला, माणूस समोर हजर करा म्हणून. माझं प्रतिज्ञापत्र लागणार होतं, नाव-गावासकट. घरात बायको म्हणाली, "आपल्याला पोरी हायेत." मी म्हटलं, "हो." रात्री तिनेच इस्त्री केलेला सदरा काढून ठेवला.

सरकारी वकिलांनी मला विचारलं, "इतक्या आवाजात तो बोलला, आणि फक्त तुम्हालाच ऐकू आलं?" लोक हसले. मी समजावलं. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कारखाना पाहून यायला कोर्टाचा माणूस पाठवला. मलाही सोबत नेलं.

वळला पोचलो तर लांबूनच कळलं. आवाज भरलेला होता.

आत लूमवर सूत चढलेलं. मांजरपाट विणत होते. कारागीर घामाने निथळत होते, टेबलावर एक नवा शेठ बसला होता. कांडीच्या खोलीत कांड्या. जाळीला ताजा हिरवा रंग. कोर्टाच्या माणसाने शेठला विचारलं, "कारखाना कधीपासून चालू आहे?" शेठ म्हणाला, दोन साल. कारागिरांकडे वळून विचारलं. एक पिकल्या दाढीचा कारागीर होता, उत्तर प्रदेशचा. तो कोर्टाच्या माणसाच्या कानाशी जाऊन ओरडला, "दो साल से, साहब."

मग तो आपल्या लूमकडे परत आला, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न काढता ओठांनी म्हणाला, *कल से.*

कालपासून! आजूबाजूला सगळे उभे, पोलीस, साहेब, शेठ, आणि हे दोन शब्द फक्त माझे. मी विचारलं, *कोर्टात सांगशील?* त्याने त्याच्या लूमवर हात ठेवला, हळूच मान हलवली, नाही. त्याला तिथेच बोलायला लावलं असतं, तर संध्याकाळी तोही जीपमध्ये बसला असता. मी वकीलबाईंना बाहेर आल्यावरच सांगितलं. त्या म्हणाल्या, "काशिनाथ, त्याला एकदा तरी माझ्याकडे आणा." दुसऱ्या दिवशी गेलो तर तो मुलूखला निघून गेला होता. की कुणी पाठवून दिला होता, कोण जाणे.

अर्ज निकालात निघाला. माणूस आमच्या ताब्यात नाही आणि कधीच नव्हता, हे सरकारचं म्हणणं टिकलं. कुणीतरी पसरवलं की प्रभाकर दुसरीच बाई घेऊन सुरतेला राहतो. मला काही महिने कुठल्या शेठने हाक मारली नाही. घरासमोर एक जीप येऊन उभी राहायची. माझ्या धाकटीने एकदा त्यांना पाणी नेऊन दिलं, तेव्हापासून यायची थांबली. त्यांनाही लाज असेल. माझा संताप मात्र आजही थांबलेला नाही. एक जिताजागता माणूस, मी डोळ्यांनी पाहिलेला, आणि सगळे म्हणतात तो नव्हताच!

वस्तीतल्या जाणत्यांनी काही वर्षांनी वहिनीला सुचवलं की आता पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसामागचा विधी, करून घेऊ. भन्तेंना बोलवू. तिने हात जोडले. "मेला म्हनून कोनी पाह्यलं? काशीदादांनी तं जिवंत पाह्यला." झालं. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. तिने क्लासची टायपिंग मशिनं चालवली, पोराला शिकवलं, पोरगा आता नोकरीला आहे.

ती माझ्याकडे यायची. रविवारी, दुपारची, दोन-चार महिन्यांतून एकदा. पहिल्यांदा ती तोंडी विचारायची, मी तोंडी सांगायचो. मग एकदा म्हणाली, "दादा, असं नको. त्यांनी जसं सांगितलं तसं सांगा. आवाज नको."

मी ओठांनी सांगितलं. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. *शालूला सांग. मी हाय. पाय मोडलाय. दुसरं काय न्हाय. तिला म्हणावं...*

"मंग?"

"मंग त्या मानसाची पाठ."

"पाठ येन्याच्या आधी ओठ कसे होते?"

"उघडे होते, वहिनी."

दर वेळी हेच. माझी बायको अशा वेळी उठून मागल्या दारी जाते. बघवत नाही म्हणते. वहिनी आमची बोली शिकली, आधी माझ्याकडून, मग वस्तीतल्या जुन्या लूमवाल्या बायकांकडून. मी एक शब्द जरी घाईने टाकला तर तिला कळायचं. "असं घाईत नसतील बोलले," म्हणायची, आणि मी पुन्हा सांगायचो.

आता मी म्हातारा झालो. भिवंडीतले जुने लूम भंगारात गेले, आणि मागच्या वर्षी माझे वरचे दात गेले. मला त्याचं काही नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून खाता येते. दिवाळीनंतर वहिनी आली. बसली, पाणी प्यायली. मी नेहमीप्रमाणे सांगितलं. ती पुढे वाकली. म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा सांगितलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"दिसत न्हाय, दादा," म्हणाली. "शब्द दिसत न्हायेत." आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत, कोर्टात नाही, पोराच्या लग्नात नाही, माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडली. नवरा तिचा तेव्हा गेला नव्हता, तो त्या दुपारी जात होता, माझ्या बोळक्या तोंडातून.

मी दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. चांगला पोरगा होता. म्हणाला, "आजोबा, चावायला त्रास होतो का?"

"चावायला नाही. बोलायला."

"पण तुमचं बोलणं तर गल्लीत ऐकू येतंय!"

मी म्हटलं, "बाळा, तू माप घे."

कवळी आली. पहिले दिवस हिरड्या सोलवटून निघाल्या, पण मी आरशासमोर बसून सवय केली. मग रविवारी निरोप पाठवून मी वहिनीला बोलावून घेतलं. समोर खुर्चीवर बसवलं, उजेडाकडे तोंड केलं, आणि सावकाश, एकेक शब्द सोडत सांगितलं.

या वेळी तिने *मंग* विचारलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिचेही ओठ हलले, आवाज न करता. ती काय म्हणाली ते मी स्पष्ट वाचलं. पण ते मला म्हटलेलं नव्हतं, म्हणून इथे लिहीत नाही.